मृत्यूच्या दिवशी थांबवलेलं घर: लंडनच्या सोन संग्रहालयाचं प्रकरण

एप्रिल 1833 मध्ये ब्रिटिश संसदेने एका माणसाच्या राहत्या घरासाठी स्वतंत्र कायदा केला. लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स नावाचा जुना चौक आहे, तिथलं 13 क्रमांकाचं घर. त्यातली पुस्तकं, चित्रं, शिल्पं, दगड, आरसे, सगळं मालकाच्या पश्चात विश्वस्तांकडे जाईल, लोकांना ते फुकट पाहता येईल आणि मालक जाईल त्या दिवशी घर जसं असेल तसंच ते शक्य तितकं राखलं जाईल, असं या कायद्याने ठरवलं. मालक होते सर जॉन सोन, बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद, वय 79. चार मुलांपैकी एकच मुलगा तोवर हयात होता आणि या कायद्याने त्याच्या हातून सगळा वारसा जाणार होता.

खासगी हवेल्यांची संग्रहालयं जगभर झाली. बहुतेक ठिकाणी मालक जातो, घर काही वर्षं बंद पडतं, वारस भांडतात किंवा कंटाळतात, मग एखादी संस्था किंवा सरकार ते ताब्यात घेतं. वस्तूंची यादी होते, त्या काचेच्या कपाटांत जातात आणि घर म्हणजे त्या कपाटांवरचं छप्पर तेवढं उरतं. सोन यांनी हे सगळं स्वतःच्या हयातीत आणि स्वतःच्या अटींवर उरकलं. या घरात वस्तू तर वाचल्याच, पण त्याहून मोलाचं म्हणजे वस्तूंच्या जागा वाचल्या. कुठल्या मूर्तीवर कुठल्या झरोक्यातून उजेड पडतो, कुठल्या आरशात काय दिसतं, कुठल्या चित्रामागे काय दडलं आहे, हे सगळं वाचलं. जागा वाचवणं हे वस्तू वाचवण्यापेक्षा फार महाग काम आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या प्रकरणाचा खरा विषय आहे.

गवंड्याचा मुलगा आणि त्याची तीन घरं

सोन यांचा जन्म 1753 चा, टेम्स नदीकाठच्या गोरिंग गावातला. वडील गवंडी. मुलगा हुशार निघाला. रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचं सुवर्णपदक मिळालं, मग राजाच्या शिष्यवृत्तीवर 1778 मध्ये इटलीची वाट धरली. रोमचे भग्न अवशेष, पेस्टमची देवळं, पाँपेई हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि मोजपट्टी घेऊन मोजलं. 1784 मध्ये लग्न झालं ते एलिझाबेथ स्मिथ हिच्याशी, घरात तिला सगळे एलायझा म्हणत. 1788 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचं काम मिळालं आणि पुढची 45 वर्षं ते त्यांच्याकडेच राहिलं. 1790 मध्ये एलायझाचे काका जॉर्ज वायट वारले. ते मोठे बांधकाम कंत्राटदार होते, त्यांचा पैसा या दांपत्याकडे आला. सोन यांच्या संग्रहामागे बायकोकडून आलेला हा पैसा उभा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. संग्रहालयावर नाव एकट्या सोन यांचं आहे.

1792 मध्ये त्यांनी 12 क्रमांकाचं घर घेतलं, पाडलं आणि नव्याने बांधलं. मग शेजारचं 13 क्रमांकाचं घेतलं. आधी 1808-09 मध्ये त्याच्या मागच्या बाजूला कचेरी आणि संग्रहाच्या खोल्या बांधल्या, 1812 मध्ये पुढचं घर पाडून स्वतःच्या मनासारखं उभारलं. 1823-24 मध्ये 14 क्रमांकाचीही तीच गत. तिन्ही घरांच्या मागच्या जागा एकमेकींत मिसळून त्यांनी खोल्यांचा एक सलग गुंता तयार केला. रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

रस्त्यावरून दिसतो तो पोर्टलँडच्या पांढऱ्या दगडातला, पुढे आलेला सज्जा. शेजारची घरं विटांची, साधी, सपाट. हा सज्जा हद्दीबाहेर आला आहे म्हणून बांधकामावर देखरेख ठेवणारे अधिकारी विल्यम किनार्ड यांनी सोन यांना न्यायदंडाधिकाऱ्यापुढे खेचलं. सोन जिंकले. पुढे संसदेत त्यांनी जे केलं त्याची ही तालीमच होती. आपल्या घरासाठी कायद्याच्या मैदानात उतरायची या माणसाची तयारी आधीपासून होती.

घर वाढत गेलं त्याला आणखी एक कारण होतं. 1806 मध्ये सोन रॉयल अकॅडमीत वास्तुशास्त्राचे प्राध्यापक झाले. युरोपात तेव्हा नेपोलियनची युद्धं पेटली होती आणि विद्यार्थ्यांना इटलीला जाणं अवघड होतं. सोन यांनी आपलं घर त्यांना उघडून दिलं, व्याख्यानाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहा, रेखाटा. रोमन स्तंभांचे तुकडे, प्लास्टरच्या प्रतिकृती, बुचाच्या लाकडातली देवळांची मॉडेल्स हे सगळं भिंतींवर आणि कोनाड्यांत खच्चून भरलं गेलं ते शिकवण्यासाठी. मालकाची हौस त्यात होतीच. पण कायद्याची वेळ आली तेव्हा 'हे शिक्षणाचं साधन आहे' हा युक्तिवाद उसना आणावा लागला नाही, कारण तो आधीच पंचवीस वर्षं जगून झालेला होता.

दोन वस्तू, जवळून

संग्रहात हजारो वस्तू आहेत. नुसत्या वास्तुरेखाटनांचा आकडा 30,000 च्या घरात जातो, त्यात रॉबर्ट आणि जेम्स अ‍ॅडम या बंधूंच्या कचेरीतली जवळपास 9,000 आहेत. ती सोन यांनी 1833 मध्ये अवघ्या 200 पौंडांना उचलली. पण घर आणि वस्तू यांचं नातं समजून घ्यायला दोनच जागा नीट पाहिल्या तरी पुरे.

पहिली तळघरातली. इजिप्तचा राजा सेती पहिला, म्हणजे रामसेस दुसऱ्याचा बाप, याची दगडी शवपेटी. जिओव्हानी बेल्झोनी याने ऑक्टोबर 1817 मध्ये राजांच्या खोऱ्यात सेतीची कबर शोधून काढली. त्यातली ही पेटी एकसंध अलाबास्टरच्या दगडातून कोरलेली, तीन मीटरला थोडी कमी लांब. आतून, बाहेरून चित्रलिपीत रात्रीच्या बारा तासांतला मृत्यूनंतरचा प्रवास कोरला आहे आणि तळाशी आकाशदेवी नूत उभी आहे. राजाचा देह तिच्या अंगावर ठेवला जायचा. दगड इतका पातळ कोरला आहे की आत दिवा ठेवला तर पेटीच्या भिंती उजळतात.

इजिप्तमधले ब्रिटिश कौन्सुल हेन्री सॉल्ट यांनी ती ब्रिटिश म्युझियमला देऊ केली. किंमत 2,000 पौंड. म्युझियमने नकार दिला, 1824 मध्ये सोन यांनी तीच रक्कम मोजली. पेटी घरात न्यायला मागच्या भिंतीचा भाग पाडावा लागला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी तीन रात्री मेजवान्या दिल्या, दिव्यांच्या उजेडात पेटी दाखवली, जवळपास 900 लोकांना निमंत्रणं गेली. आलेल्यांत चित्रकार टर्नर होता, कवी कोलरिज होता. ही कबर ज्याने शोधली तो बेल्झोनी सव्वा वर्षापूर्वीच आफ्रिकेत वारला होता.

आता या पेटीची जागा पाहा. ती घुमटाच्या बरोबर खाली आहे. वर काचेचा झरोका, त्याखाली तीन मजल्यांची मोकळी पोकळी, पोकळीच्या कडांना रोमन अस्थिकलश आणि संगमरवरी तुकडे दाटीवाटीने रचलेले. एका बाजूला अपोलोची उंच प्रतिकृती आणि तिच्यासमोर शिल्पकार चँट्रीने घडवलेला सोन यांचा अर्धपुतळा. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की पेटी दिसते, पेटीशी उभं राहून वर पाहिलं की आकाश. ब्रिटिश म्युझियमने ती घेतली असती तर ती एका प्रशस्त दालनात इतर शवपेट्यांच्या रांगेत ठेवली गेली असती. अभ्यासकाला ती तिथे कदाचित जास्त सोयीची पडली असती, हे मान्य करायला हवं. लंडनच्या काजळीने आणि दमट हवेने सोन यांच्या घरात तिचा मूळ पांढरा रंग पिवळट पडला, कोरीव खाचांत भरलेला निळा रंग बराचसा गळून गेला. पुढे तिच्यावर काच बसवावी लागली. घर हे वस्तूचं सर्वांत सुरक्षित ठिकाण असतंच असं नाही. तरीही ही पेटी तिथून हलवावी असं मला वाटत नाही. त्या पोकळीतून पेटी काढली तर खाली नुसता खड्डा उरेल.

दुसरी जागा चित्रखोली. आकार साधारण चार मीटर गुणिले पावणेचार मीटर, म्हणजे एखाद्या घरातल्या बैठकीच्या खोलीएवढा. यात सोन यांनी शंभराहून जास्त चित्रं बसवली. भिंती म्हणजे बिजागऱ्यांवर फिरणारी मोठमोठी लाकडी पानं आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चित्रं टांगलेली. खोलीतला सेवक ठरावीक वेळी पुढे होतो, कड धरून पान ओढतो आणि सबंध भिंत दारासारखी उघडते. आत आणखी चित्रं. दक्षिणेकडची पानं उघडली की मात्र भिंतच नाहीशी होते. समोर शिल्पकार वेस्टमॅकॉटने घडवलेली अप्सरेची मूर्ती, तिच्यापलीकडे रंगीत काचेची खिडकी आणि खाली तळघरातली 'मंक्स पार्लर' म्हणून ओळखली जाणारी खोली. पहिल्यांदा पाहणाऱ्यांचा श्वास अडकतो तो इथे.

याच खोलीत चित्रकार विल्यम होगार्थची आठ चित्रांची मालिका आहे. वारशाने आलेला पैसा उधळून शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचणाऱ्या तरुणाची ही गोष्ट. 1802 मध्ये क्रिस्टीज्‌च्या लिलावात ती 570 गिन्यांना घेतली गेली आणि बोली लावायला गेल्या होत्या एलायझा. तेव्हा घरात दोन मुलगे होते, थोरला पंधरा वर्षांचा, धाकटा बारा.

मुलगा

सोन यांना दोघांनाही वास्तुविशारद करायचं होतं. त्यासाठी त्यांनी 1800 मध्ये लंडनबाहेर ईलिंगला पिट्झहँगर मॅनर ही वास्तू घेतली, बरीचशी पाडून नव्याने बांधली आणि तिथेही पुतळे, कलश आणि चित्रं भरली. मुलं या सगळ्यात वाढली की आपोआप तयार होतील असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. थोरला जॉन सतत आजारी असायचा, 1823 मध्ये तो क्षयाने गेला. धाकट्या जॉर्जला लेखक व्हायचं होतं. तो कर्जात बुडाला, तुरुंगातही जाऊन आला. 1810 मध्ये सोन यांनी पिट्झहँगर विकून टाकलं आणि तिथल्या वस्तू लिंकन्स इन फील्ड्सला आल्या. आज 13 क्रमांकाच्या घरात जी दाटी दिसते तिचा एक भाग या मोडलेल्या स्वप्नातून आलेला आहे.

सप्टेंबर 1815 मध्ये 'द चँपियन' या वृत्तपत्रात निनावी लेख आले. इंग्लंडमधल्या कलेच्या अवनतीवर लिहिताना लेखकाने सोन यांच्या इमारतींवर जहरी टीका केली होती, त्यांच्या घरालाही सोडलं नव्हतं. लेखक जॉर्ज आहे हे आईला कळलं. ती आधीच आजारी होती. 22 नोव्हेंबर 1815 रोजी एलायझा गेल्या. सोन यांनी ते लेख चौकटीत बसवले, 'जॉर्ज सोनने केलेले प्राणघातक घाव' अशा अर्थाचा मजकूर त्यावर लिहिला आणि ते घरात टांगले. बाप-लेकात पुढे कधीच समेट झाला नाही.

1833 च्या कायद्याकडे बघताना हे सगळं डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. राष्ट्राला दिलेली देणगी म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण खासगी कायदा करून घेण्याची गरज का पडली? साध्या मृत्युपत्राला वारस न्यायालयात आव्हान देऊ शकतो, संसदेच्या कायद्याला नाही. हाउस ऑफ कॉमन्समध्ये खासदार विल्यम कॉबेट यांनी जॉर्जची बाजू घेऊन विरोध केला: स्वतःच्या मुलाला आणि नातवंडांना डावलून मालमत्ता जनतेला द्यायला संसदेने हातभार का लावावा? प्रश्न खोडसाळ नव्हता. कायदा मंजूर झाला. 20 जानेवारी 1837 रोजी सोन याच घरात वारले आणि कायदा अमलात आला. जॉर्जने मृत्युपत्राला आव्हान देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही.

सोन यांचा राग मला समजतो. जॉर्जच्या बाजूने बोलणारे फार कमी आहेत आणि त्याने स्वतःही त्यांना फारशी संधी दिली नाही. तरीही आज हे घर फुकट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या आनंदात एका कुटुंबाचं तुटणं मिसळलेलं आहे. संग्रहालयाच्या दृष्टीने बघितलं तर घर वाचलं ते या वैरामुळेच. मुलगा कर्तबगार निघाला असता तर हे घर त्याला मिळालं असतं, मग त्याच्या मुलांना, आणि व्हिक्टोरियन काळात कधीतरी लिलावात फुटलं असतं.

कायद्यात काय होतं, काय नव्हतं

कायद्याने विश्वस्त नेमले. काही व्यक्ती म्हणून, तर काही रॉयल अकॅडमी, रॉयल सोसायटी, सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज अशा संस्थांचे प्रतिनिधी म्हणून. ही योजना हुशारीची होती, कारण व्यक्ती जातात आणि संस्था टिकतात. घरात राहून देखभाल करणारा क्युरेटर हवा असंही ठरलं. पहिले क्युरेटर झाले जॉर्ज बेली, सोन यांच्याच कचेरीतले जुने सहकारी. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान दोन दिवस घर उघडं ठेवायचं होतं. चिखलपाण्याच्या दिवशी पाहुणे आत घेऊ नयेत असा सोन यांचा स्वतःचा दंडक होता. गालिचे सांभाळणाऱ्या माणसाला तो पटेल.

खर्चासाठी सोन यांनी सरकारी रोख्यांत रक्कम ठेवली आणि 12 क्रमांकाचं घर भाड्याने देऊन त्या उत्पन्नाची जोड दिली. 14 क्रमांकाचं पुढचं घर मात्र कुटुंबाकडे गेलं, चित्रखोली असलेला मागचा भाग तेवढा संग्रहालयाकडे राहिला. इथेच व्यवस्थेतली मोठी उणीव होती. रोख्यांचं व्याज ठरलेलं असतं, पण महागाई ठरलेली नसते. शंभर वर्षांत त्या पैशाची किंमत घसरत गेली आणि 1947 पर्यंत अशी वेळ आली की सरकारी अनुदान घेतल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. घर जसंच्या तसं ठेवायची अट कायमची होती, पैसा मात्र कायमचा पुरणारा नव्हता. खासगी घरांची संग्रहालयं करणाऱ्या सगळ्यांच देणगीदारांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

सोन यांनी घरात काही जागा मोहोरबंद करून ठेवल्या होत्या. त्या 1866, 1886 आणि 1896 मध्ये, एलायझांच्या मृत्युदिनी उघडायच्या होत्या. विश्वस्त मोठ्या उत्सुकतेने जमले. निघाल्या जुन्या पावत्या, कौटुंबिक पत्रव्यवहार आणि दातांच्या कवळ्या. पत्रांत पुन्हा तोच मुलगा आणि तेच दुःख.

'न बदलणं' किती बदलतं

आता मुद्द्याची गोष्ट. 1837 मध्ये घर थांबवलं, असं आपण म्हणतो. पण सोन हयात होते तोवर हे घर एक दिवसही थांबलेलं नव्हतं. ते भिंती पाडत, मूर्ती हलवत, कोनाडे फोडत, दुसरीकडे बांधत. मरणापूर्वी वर्ष-दोन वर्षंच त्यांनी दुसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी एलायझांची निजायची खोली होती, तिथे वास्तूंच्या मॉडेल्ससाठी खोली केली. पाँपेईच्या उत्खननाचं बुचाचं मॉडेल तिच्यात मध्यभागी आलं. आणखी दोन वर्षं जगले असते तर त्यांनी तीही हलवली असती याबद्दल मला शंका नाही. कायद्याने जपलेली तारीख म्हणजे एका चालत्या माणसाचं मधलंच पाऊल आहे.

शिवाय नंतर आलेल्या क्युरेटरांनीही हात राखून काम केलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 12 क्रमांकाच्या मागे नवी चित्रखोली बांधली गेली आणि काही वाटा बदलल्या. मॉडेल्सची खोली मोडली, वरच्या मजल्यावरचं खासगी दालन कामकाजासाठी वापरात गेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी रंगीत काचा फोडल्या. हे छोटं नुकसान नव्हे. सोन यांच्या घरात पिवळ्या काचेतून येणारा उजेड हेच निम्मं काम करतो. लंडनच्या राखाडी हिवाळ्यातही आत इटलीतली दुपार असल्यासारखं वाटावं म्हणून त्यांनी ती योजली होती. काच साधी झाली की तेच दगड, तेच कलश, पण ती खोली राहत नाही. युद्धानंतर वास्तुइतिहासकार जॉन समरसन क्युरेटर झाले आणि तब्बल चार दशकं, 1984 पर्यंत राहिले. त्यांच्या काळात घर सावरलं, 1969 मध्ये 12 क्रमांकाचं घरही संग्रहालयाच्या वापरात आलं.

समरसन यांच्यानंतर 'शक्य तितकं जसंच्या तसं' हा शब्द पुन्हा काटेकोरपणे पाळायचं ठरलं. म्हणजे मधल्या दीडशे वर्षांतले फेरफार काढून 1837 कडे परत जायचं. यावर आक्षेप घेता येतो. मधल्या क्युरेटरांचे बदल हाही इतिहासच नाही का? दुसऱ्या एखाद्या वास्तूबाबत मी हा आक्षेप उचलून धरला असता. इथे नाही, कारण या घरात काय कुठे होतं ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. सोन यांनी स्वतः घराचं वर्णन छापलं, त्याच्या आवृत्त्या 1830, 1832 आणि 1835 मध्ये निघाल्या. चित्रकार जोसेफ गँडी आणि इतरांनी खोल्यांची जलरंगातली चित्रं केली होती. आणि सोन गेले त्याच साली बेली यांनी खोलीगणिक यादी करायला घेतली. एखादी मूर्ती कुठल्या कोनाड्यात होती याचे तीन स्वतंत्र पुरावे मिळतात.

या पुराव्यांच्या बळावर शेवटचा मोठा टप्पा 2016 मध्ये पुरा झाला. सुमारे 70 लाख पौंड खर्चाच्या या कामात वास्तुविशारद ज्युलियन हॅरप यांनी सोन यांचा दुसरा मजला, निजायच्या खोल्या आणि मॉडेल्सची खोली पुन्हा उभी केली. पिशव्या ठेवण्याची, दुकानाची, बदलत्या प्रदर्शनांची आणि लिफ्टची सोय 12 क्रमांकात हलवली. 14 क्रमांकाचं घर 1990 च्या दशकात लॉटरी निधीच्या मदतीने परत विकत घ्यावं लागलं. ज्या घराला कायद्याचं कवच नव्हतं ते पुन्हा मिळवायला बाजारभाव मोजावा लागला.

दुसऱ्यांनी काय केलं

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची हेन्री क्ले फ्रिक यांची हवेली याच्याशेजारी ठेवून पाहा. फ्रिक 1919 मध्ये वारले, पत्नी 1931 पर्यंत तिथे राहिल्या, मग वास्तुविशारद जॉन रसेल पोप यांनी वास्तू बरीच वाढवली, गाड्या येण्याच्या अंगणावर छप्पर घालून बागेचा चौक केला आणि 1935 मध्ये संग्रहालय उघडलं. तिथे घर मोठं झालं, श्वास घ्यायला जागा मिळाली. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी उलट टोक गाठलं. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे मांडणी बदलली तर सगळा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाकडे जाऊन विकला जायचा. मार्च 1990 मध्ये तिथून 13 कलाकृती चोरीला गेल्या, त्यांच्या रिकाम्या चौकटी अजून भिंतींवर आहेत. सोन यांच्या कायद्यातला 'शक्य तितकं' हा सैल दोर या दोहोंच्या मधला आहे. लिफ्ट बसवता येते, काच बदलता येते, पण मूर्ती हलवण्यापूर्वी कारण द्यावं लागतं.

सोन यांनी आयुष्यभर राबून उभारलेली बँक ऑफ इंग्लंड मात्र गेली. ती त्यांची सर्वांत मोठी निर्मिती होती, घुमटांखालची दालनं होती, आणि तिची कीर्ती घरापेक्षा मोठी होती. 1925 नंतरच्या पुनर्बांधणीत वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी ती जवळजवळ सगळी पाडली, बाहेरची भिंत तेवढी राहिली. ती दालनं कशी दिसत होती हे शोधायचं तर अभ्यासकाला सोन यांच्या घरातल्या रेखाटनांकडेच यावं लागतं.

आज घरात एका वेळी 90 च्या आसपासच माणसं सोडतात, म्हणून दारासमोर रांग असते. खोल्यांत वस्तूंखाली माहितीच्या पाट्या नाहीत, सोन यांनीही लावल्या नव्हत्या. त्याऐवजी प्रत्येक खोलीत जाणकार सेवक असतो आणि त्याला विचारायचं. हे अनेकांना गैरसोयीचं वाटतं. मला ते बरोबर वाटतं, पण त्यासाठी माणसं नेमावी लागतात आणि त्यांचे पगार द्यावे लागतात. अनुदान कमी झालं की पहिली कात्री तिथेच लागण्याची भीती असते. दरम्यान 2017 मध्ये मॉडेल्सची खोली आणि सेतीची पेटी यांचं लेसरने त्रिमित मोजमाप करून ते जगापुढे खुलं करण्यात आलं. बेली यांनी 1837 मध्ये कागदावर जी यादी सुरू केली होती, तिचाच हा पुढचा भाग आहे आणि उरलेल्या खोल्यांचं मोजमापही याच बारकाईने होणं गरजेचं आहे.